जुनेराचा प्रवास : वऱ्हाडातील गृहवस्तूंच्या पुनरुपयोगाचे सामाजिक स्वरूप

घरातील वस्तू जुनी होणे आणि ती नकोशी होणे या दोन भिन्न घटना होत. पहिली कालमानाने घडते. दुसरी घडण्यास त्या वस्तूला पुढचा धनी किंवा पुढचा उपयोग उरलेला नसणे आवश्यक असते. फाटलेले लुगडे ज्या घरात गोधडीच्या अस्तराला लागते, त्या घरात ते जुने असते, पण टाकाऊ नसते. म्हणून एखाद्या समाजातील टाकाऊ वस्तूंचा विचार करताना केवळ वस्तूंची मोजदाद पुरेशी ठरत नाही. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात कोणत्या नात्याने जाते, हे पाहावे लागते. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष उद्बोधक आहे. कारण हा कापसाचा मुलूख आहे आणि येथील घरगुती पुनरुपयोगाचा बराचसा भाग कापूस व कापड यांभोवतीच फिरत आला आहे.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा यांवरून नागपुरास पोहोचला. त्यानंतर येथील कापूस गाठी बांधून मोठ्या प्रमाणावर बाहेर जाऊ लागला. परंतु कापूस पिकविणाऱ्याच्या घरात नवे कापड विपुल झाले, असे मात्र नव्हे. ते सणासुदीला अथवा लग्नकार्यात यावयाचे आणि आले की दीर्घकाळ पुरवावयाचे. या पुरवण्यातूनच दुरुस्तीची एक सुसंगत व्यवस्था उभी राहिली.

या व्यवस्थेचा क्रम सुती लुगड्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. वारंवार धुतल्याने कापडातील खळ निघून जाते, धाग्यांचा ताठरपणा ओसरतो आणि वस्त्र मऊ होते. हे मऊ झालेले जुनेर बाळाची बाळोती व दुपटी यांसाठी नव्या कापडापेक्षा अधिक योग्य मानले जाई. येथे जुनेपणा हा दोष नसून गुण ठरतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यापुढची पायरी गोधडीची. जुन्या वस्त्रांचे थर एकावर एक पसरून सर्व थरांतून जाणारा धावदोरा घातला की विरलेले थर एकमेकांना आधार देतात. वरचा थर झिजला की त्यावर दुसरा चढवितात, आणि पूर्वीचा थर आत राहून ऊब देत राहतो. गोधडीलाही न लागणारे तुकडे फडके, चुंबळ, सारवणाचे पोतेरे अशा क्रमाने उतरत जातात आणि अखेरीस उकिरड्यात मिसळतात. निर्भेळ सुती कापड मातीत कुजत असल्यामुळे हा क्रम कोठेही अडत नसे.

घराबाहेरच्या कारागिरांचाही या व्यवस्थेत वाटा होता. वापराने गादीतील कापसाचे गोळे होत. पिंजारी आपल्या पिंजणाच्या तातीने तो कापूस पुन्हा मोकळा करी आणि तीच गादी नव्याने भरली जाई. तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून कल्हईवाला भट्टीवर भांडे तापवून नवसागराच्या साहाय्याने त्यावर कथलाचा पातळ थर देई. हा थर झिजला की तो पुन्हा चढविता येई. भांडे मात्र तेच राही. दुरुस्तीपलीकडे गेलेले भांडे कासाराकडे मोड म्हणून वजनावर जाई आणि त्याची किंमत नव्या भांड्याच्या किमतीतून वळती होई. मोडीत काढणे हा वाक्प्रचार मराठीत आज निरुपयोगी ठरविणे या अर्थी रूढ आहे. परंतु ज्या व्यवहारातून तो आला, त्या व्यवहारात मोडीलाही निश्चित मोल होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

दुरुस्तीच्या पलीकडे वस्तूच्या हस्तांतराचे तीन प्रकार दिसतात : आप्तांमधील देणे, विनिमय आणि वरून खाली जाणारे दान. बाह्यतः ही तिन्ही सारखी भासतात, कारण तिन्हींमध्ये जुनी वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे जाते. तथापि त्यांचे सामाजिक अर्थ परस्परांहून फार भिन्न आहेत.

आप्तांमधील देण्यात थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगी येतो आणि बहिणीच्या मुलाची कुंची भावाच्या मुलाला जाते. येथे घेणाऱ्याला कमीपणा नसतो, कारण आजचा घेणारा उद्याचा देणारा असतो. विनिमयाचे उत्तम उदाहरण म्हणजे बोहारीण. डोक्यावर नव्या भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी ही स्त्री जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देते. ती वस्त्र उजेडात धरून त्याची वीण, विरलेला भाग आणि काठ पाहते; जर अस्सल असेल तर ती जाळून चांदी निघते, म्हणून तेवढ्यापुरता दर वाढतो. गृहिणी आणखी एका पातेल्याचा आग्रह धरते, बोहारीण आणखी एक लुगडे मागते. ही घासाघीस क्षुल्लक नाही. न पटल्यास पाटी उचलून निघून जाण्याचा अधिकार बोहारणीला असतो आणि त्या अधिकारामुळेच जुने कापड स्वीकारूनही ती कोणाची उपकृत होत नाही.

तिसऱ्या प्रकारात नेमका हाच अधिकार नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, निःसत्त्व धान्य आणि जुने गृहसाहित्य द्यावे, असे सांगितले आहे. म्हणजे ज्याला आज घरातील नको असलेल्या वस्तूंचे वाटप म्हणता येईल, तेच तेथे एका वर्णाचे स्थान दर्शविणारे चिन्ह म्हणून निश्चित केलेले आढळते. गावगाड्यात महारांच्या हक्कांत प्रेतावरील कापडाचा समावेश होता. त्याला हक्क असे नाव असले, तरी तो नाकारून चांगल्या वस्त्राची अपेक्षा करण्याची मुभा त्या हक्कात नव्हती. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांसाबरोबरच उष्ट्यामाष्ट्या अन्नाचा त्याग करण्याचे आवाहन केले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. या घटनांचा विचार सामान्यतः पाण्याच्या व धर्मग्रंथाच्या संदर्भात होतो. परंतु दुसऱ्याने टाकलेले स्वीकारण्याची सक्ती नाकारणे हाही त्या लढ्याचा एक आशय होता. टाकाऊ वस्तूंच्या पुनरुपयोगाचा गौरव करताना हा इतिहास नजरेआड करता येत नाही.

या पार्श्वभूमीवर वऱ्हाडातील संत गाडगेबाबा यांच्या वेषाचा विचार केला पाहिजे. देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट ज्ञातीत झाला. त्यांचे बालपण अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या आजोळी गेले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हाती खराटा व मडके, असे त्यांचे रूप सर्वश्रुत आहे. गोधडेबुवा हे नाव वस्त्रावरून, तर गाडगेबाबा हे नाव त्या मडक्यावरून पडले. इतरांचे कपडे धुण्याचा व्यवसाय ज्या ज्ञातीकडे परंपरेने होता, तिच्यातील या पुरुषाने समाजाने टाकलेल्या वस्तू स्वेच्छेने अंगावर घेतल्या. स्वेच्छेमुळे त्या वस्तूंचा अर्थ पालटला. जे हीनतेचे चिन्ह होते, ते निरिच्छतेचे झाले. गावात आल्यावर ते प्रथम रस्ते झाडीत आणि श्रम केल्यावाचून भाकरी घेत नसत. स्वतः चिंध्या पांघरणाऱ्या या संताने वस्त्रहीनांना वस्त्र देण्याचा उपदेश मात्र आयुष्यभर केला. लोकांनी चिंध्यांतच राहावे, असे त्यांनी कधी सांगितले नाही. स्वतःसाठी केलेली निवड आणि दुसऱ्यावर लादलेली स्थिती यांतील भेद त्यांनी आचरणातून दाखविला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचे निधन झाले. अमरावतीच्या विद्यापीठास आज त्यांचेच नाव आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर वर्णिलेल्या व्यवस्थेचे दुवे क्रमाने निखळत गेले. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना कल्हई लागत नाही; कृत्रिम फेसाच्या गादीला पिंजारी लागत नाही. कापडाच्या बाबतीत झालेला बदल अधिक मूलगामी आहे. सूत आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचे वस्त्र टिकाऊ असते, पण ते घाम शोषत नाही म्हणून बाळोत्यास गैरसोयीचे, आणि पुरते कुजत नाही म्हणून उकिरड्यासही निरुपयोगी. तयार कपडे स्वस्त झाल्यामुळे वस्त्र विरण्यापूर्वीच कपाटातून बाहेर पडू लागले. परिणामी जुन्या वस्तू वाढल्या आणि त्यांचे पूर्वीचे ग्राहक घटले. वस्तू नकोशी होते ती अशा वेळी.

उरलेल्या कापडासाठी औद्योगिक मार्ग उपलब्ध आहे. १८१३ मध्ये यॉर्कशायरमधील बॅटले येथे बेंजामिन लॉ याने लोकरी चिंध्या पिंजून त्यांपासून पुन्हा सूत काढण्याची पद्धत रूढ केली. भारतात हरियाणातील पानिपत हे या उद्योगाचे मोठे केंद्र असून तेथे जुन्या कपड्यांपासून घोंगड्या व सतरंज्या तयार होतात. तथापि पिंजताना तंतू तुटून आखूड होतात. त्यामुळे निघणारे सूत जाडेभरडे असते आणि त्यास बळकटी देण्यासाठी बहुधा नवे तंतू मिसळावे लागतात. म्हणजे प्रत्येक फेरीत द्रव्याची प्रत उतरते. यावरून वस्त्र वस्त्ररूपानेच अधिक काळ वापरात ठेवणे हे त्याचे सूत करण्यापेक्षा श्रेयस्कर, असा निष्कर्ष निघतो.

वस्त्ररूपाने वापर व्हावयाचा, तर ते गरजूपर्यंत पोहोचले पाहिजे. २०१५ च्या अखेरीस इराणमधील मशहद शहरात नको असलेले कपडे खुंट्यांवर टांगून ठेवण्याची भिंत निर्माण झाली; २०१६ पासून महाराष्ट्रातील अनेक शहरांत माणुसकीची भिंत या नावाने तिचे अनुकरण झाले. या योजनेत देणारा व घेणारा समोरासमोर येत नाहीत आणि घेणारा स्वतः निवड करतो, हे तिचे बळ होय. परंतु मळके, फाटके, एकेरी चप्पल असे काहीही आणून टाकले की तीच भिंत उकिरडा होते, आणि तिसऱ्या प्रकारच्या दानाचा दोष तेथे पुन्हा उद्भवतो. अंशू गुप्ता यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीत स्थापन केलेल्या गूंज या संस्थेने निराळा मार्ग स्वीकारला. गावकरी विहीर, रस्ता, बांध असे गावाच्याच गरजेचे काम करतात आणि शहरातून आलेले कपडे त्यांना त्या श्रमाच्या सन्मानार्थ मिळतात. येथे कापड भीक राहत नाही. श्रमावाचून भाकरी न घेण्याच्या गाडगेबाबांच्या नियमाशी या पद्धतीचे साम्य सहज ध्यानात येते. मात्र श्रम ही घेणाऱ्यावर घातलेली अट होऊन देणारा अटीवाचून मोकळा राहिला, तर समता पुन्हा ढळेल, याचेही भान ठेवणे अगत्याचे आहे.

सारांश, आप्तांमधील देणे, बोहारणीचा विनिमय, आणि खाली झिरपणारे दान यांत वस्तू तीच असू शकते. भेद पडतो तो घेणाऱ्याच्या निवडीमुळे. त्याला पाहता, पारखता आणि नाकारता येते काय, हा या विषयातील निर्णायक प्रश्न होय. अमरावती-अकोल्यातील गृहवस्तूंच्या पुनरुपयोगाची पाहणी करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने किती किलो कपडे गोळा झाले एवढ्याच आकड्यावर थांबू नये. त्यांतील किती घेणाऱ्यांनी स्वतः निवडले, किती नाकारले आणि नाकारलेल्यांचे पुढे काय झाले, याचीही नोंद त्याने ठेवावी. बोहारणीला हा हिशेब कोणी शिकविला नव्हता. पाटी उचलण्यापूर्वी तो तिच्या मनात पूर्ण झालेला असे.