वस्तऱ्याची धार घरच्या घरी

नाशिक (प्रतिनिधी) - रामकुंडावर क्षौर करणाऱ्या नाभिकांच्या धोकटीत एके काळी वस्तऱ्यासोबत दगड आणि चामड्याचा पट्टा असे. एकच पाते अनेकांना वापरल्यास रक्तावाटे एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी पसरण्याचा धोका असल्याने बदलत्या पात्याचे वस्तरे रूढ झाले. अखंड पोलादी वस्तरा आता घरी, एकट्यानेच वापरायचा. मग धारही स्वतःच लावणे आले.

दगड सपाट आणि ओला हवा. पाते आडवे टेकवावे. पाठ व धार दोन्ही दगडाला लागलेल्या असाव्यात. पाठ उचलली की कोन बिघडतो. धार पुढे ठेवून, जोर न देता पाते सरकवावे आणि पाठीवरच उलटावे. आरंभी १००० क्रमांकाचा दगड, शेवटी ८००० चा. चामड्यावर मात्र दिशा उलटी, पाठ पुढे नि धार मागे. नवखे नेमके इथेच चुकतात. चामडे कापले जाते आणि तासाभराची मेहनतही वाया जाते.

जपानी ‘कामिसोरी’च्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, त्यामुळे तिथे दोन्हीकडे सारखेच घासण्याचा हिशेब चालत नाही.

धार अंगठ्याने तपासू नये. मनगटावरचे केस पुरेत. पावसाळ्यात पाते पुसून, तेलाचा हात फिरवूनच ठेवावे.