मोबाईलवर बांधाची खूण करताय? आधी हे वाचा : जीपीएस का सरकते

बांधाच्या कोपऱ्यावर उभे राहून मोबाईलमध्ये खूण करायची, हे आता गावोगावी चालते. पण सकाळची खूण दुपारी बघितली तर काही मीटर सरकलेली दिसते. मग शेजाऱ्याने बांध कोरल्याचा संशय येतो अन् भाऊबंदकीत वाद पेटतो. प्रत्यक्षात हा फरक बहुतेक वेळा आभाळातला असतो.

वेळेवरून अंतर

जीपीएसचे उपग्रह सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवर फिरतात. सिग्नल निघाला कधी, पोचला कधी, यावरून मोबाईल अंतर काढतो. सेकंदाच्या १० लाखाव्या भागात, म्हणजे एका मायक्रोसेकंदात, सिग्नल ३०० मीटर जातो. त्यामुळे घड्याळात जराही चूक चालत नाही.

आईनस्टाईनचा हिशोब

वेगामुळे उपग्रहातले घड्याळ रोज ७ मायक्रोसेकंद मागे पडते. उंचावर पृथ्वीची ओढ कमी, म्हणून ते ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. वजाबाकी करून रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे. ही दुरुस्ती केली नसती, तर एका दिवसात ११ किलोमीटरची चूक झाली असती. ती आधीच केलेली असते.

मग चूक कुठली?

उन्हामुळे वरच्या हवेत विद्युतभारित कणांचा थर तयार होतो. त्याला आयनांबर म्हणतात. त्यातून येताना सिग्नलला उशीर होतो, दुपारी जास्त. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे हे कण विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना दाटतात. भारताचा मोठा भाग त्याच पट्ट्यात येतो. झाडे आणि भिंतींमुळेही फरक पडतो.

मे २०२४ मध्ये मोठे सौर वादळ आले, तेव्हा अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले होते.

रोव्हर अचूक कसा?

भूमी अभिलेखच्या मोजणीतला रोव्हर एकटा काम करत नाही. जागा पक्की माहीत असलेल्या स्थिर केंद्राशी तो ताडून बघतो. दोघांच्या सिग्नलला जवळपास सारखाच उशीर होतो. तो वजा केला की माप काही सेंटिमीटरपर्यंत नेमके येते.

म्हणून अॅपचा उपयोग अंदाजापुरताच करावा. हद्दीचा वाद असेल, तर मोबाईल दाखवून भांडण्यापेक्षा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा.