फोनपेक्षा छोटं पापलेट

माधवनगरात बसून समुद्राच्या गप्पा मारतोय, हसू नका. आपल्याकडे मासळी घाट चढूनच येते, आणि जूनमध्ये तिचा भाव का चढतो ते आज बघू.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांचा अंडी घालायचा काळ असतो. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. पण याला सुट्टी म्हणू नका हं. तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, नाहीतर बोट जड चालते, डिझेल जास्त जळतं. लाकडी बोट असेल तर फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा. मग रंग, इंजिन, फाटलेली जाळी. म्हणजे कमाई बंद असते तेव्हाच खर्च सगळ्यात मोठा! अनेकांचं हे उसनवारीवर भागतं. मग ऑगस्टच्या पहिल्या फेरीत मिळेल ते आणायची घाई, आणि बारीक आसाच्या जाळ्यात पापलेटची पिल्लंही येतात. एकदाही अंडी न घातलेली.

म्हणून २०२३ मध्ये राज्यानं ५४ जातींची किमान लांबी ठरवली. पापलेटची १३५ मिलिमीटर. (त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झालं, बरं का.) कायदा बंदरावर राबवायचा, पण पिल्लं विकली जातात ती गिऱ्हाईक आहे म्हणून.

तुमचा फोन साधारण १५० ते १६५ मिलिमीटर लांब असेल. पापलेटशेजारी धरा. दोन बोटांच्या रुंदीपेक्षा जास्त आखूड भरलं, तर ते पिल्लूच. विक्रेत्याला वाटेल, फोटो काढताय!