पडणे हा नशिबाचा खेळ नव्हे

मंडळी, कोणी पडले की आपण म्हणतो, "पाय घसरला, त्याला कोण काय करणार?" पण पाय का घसरला, हे कोणी विचारीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून दगावतात, आणि त्यांत साठी उलटलेली माणसे सर्वांत अधिक असतात.

प्रथम कामाची जागा पाहू. शिडी लावताना एक साधा हिशोब ध्यानात ठेवावा : वर चार हात, तर बूड भिंतीपासून एक हात. याहून उभी शिडी मागे कलंडते, याहून तिरपी खालून सरकते. सिमेंटच्या पत्र्यावर तर सरळ पाय देऊच नये. तो वरून धड दिसतो आणि एकाएकी फुटतो. खालच्या वाशांवर पेलेल अशी जाड फळी आडवी टाकावी, तिच्यावरूनच चालावे.

आता घर. मागे एका पावसाळ्यात माझी आई पहाटे मोरीकडे निघाली आणि पडली. आम्ही म्हणालो, वय झाले. मग शोधले तेव्हा तीन गोष्टी निघाल्या : डोळ्यांत मोतीबिंदू, रक्तदाबाची गोळी चालू असताना अंथरुणातून झटकन उठण्याची सवय, आणि उंबरठ्यापाशी ओले गोणपाट. यांतल्या कशावरही इलाज नव्हता असे नाही.

तेव्हा उठताना आधी क्षणभर बसावे. मोरीतले शेवाळ घासून काढावे, भिंतीला धरायला दांडी ठोकावी, रात्री वाटेवर दिवा ठेवावा. चक्कर येत असेल तर गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि म्हाताऱ्या माणसाला "तुम्ही बसूनच राहा" असे सांगू नये. बसून बसून पायांतले बळ जाते. भिंतीला धरून टाचा उचलणे, खुर्चीवरून ऊठबस करणे, हे झेपेल तसे रोज करावे.

तरीही कोणी पडले आणि पाय टेकवेना, किंवा पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडले असण्याचा संभव असतो. चोळू नका, उभे करू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

गुरुजनांना एक विनंती. मुलांना सांगा, आज आजीच्या अंथरुणापासून मोरीपर्यंत चालून बघा, पायांत काय काय येते ते लिहून आणा. आम्ही ती वाट आई पडल्यावर पाहिली. तुम्ही आधी पाहा.