अंतरावाचून जवळीक : फेलिक्स हाउसडॉर्फ

गणित म्हटले की आपणां पुष्कळांना पावकी-निमकीच आठवते. ज्यात मोजायचे काहीच नाही असेही एक गणित असते, हे ऐकून नवल वाटेल. पण टोपॉलॉजी हे तसलेच शास्त्र आहे. फुग्यावर शाईचे ठिपके काढून तो फुगवला, तर ठिपक्यांमधले अंतर वाढते, आकारही बदलतो; पण फुगा फाटत नाही तोवर एकमेकांना लागून असलेले भाग तसेच लागून राहतात. मोजमापे बदलूनही जे टिकते, त्याचा विचार हे शास्त्र करते.

त्याचा पाया पक्का करणारे फेलिक्स हाउसडॉर्फ ८ नोव्हेंबर १८६८ रोजी ब्रेस्लाऊ येथे (आजचे पोलंडातील व्रोत्स्वाफ) जन्मले आणि लाइपझिगला वाढले. डॉक्टरेट १८९१ ची; विषय, वातावरणातून येताना प्रकाशकिरण कसा वळतो, हा. गृहस्थ मोठे रसिक. ‘पॉल मोंग्रे’ या टोपणनावाने त्यांनी तत्त्वचिंतन लिहिले, कविता लिहिल्या. १९०४ साली लिहिलेले त्यांचे एक नाटक तर रंगभूमीवर चांगले गाजले. गणिती माणूस रुक्ष असतो असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे! १९०१ मध्ये लाइपझिगला दुय्यम प्राध्यापकपदासाठी त्यांचे नाव निघाले, तेव्हा बावीस मते बाजूने आणि सात विरुद्ध पडली. ते यहुदी धर्माचे आहेत म्हणून ही सात मते विरुद्ध गेली, असे शाखाप्रमुखांनी कागदावर नमूद करून ठेवले आहे. पुढे काय वाढून ठेवले होते त्याची ही चाहूल होती.

१९१३ मध्ये ते ग्राइफ्सवाल्ड येथे प्राध्यापक झाले आणि पुढल्याच वर्षी संचांच्या सिद्धांतावरील त्यांचा थोर ग्रंथ निघाला. प्रत्येक बिंदूचा ‘शेजार’ म्हणजे काय एवढे सांगितले की पुरे, अंतर मोजायची गरज नाही, असे त्यांनी दाखवले. त्या शेजाराचे मोजके नियम त्यांनी घालून दिले. त्यांतला एक आपल्याला सहज उमगेल. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडे कितीही जवळ असोत, प्रत्येकाला स्वतःचे असे अंगण आखता आले पाहिजे की एकाचे दुसऱ्याच्या अंगणात शिरणार नाही. कोणत्याही दोन वेगळ्या बिंदूंना अशी अंगणे मिळतात, त्या अवकाशाला जगभर ‘हाउसडॉर्फ अवकाश’ म्हणतात.

१९२१ पासून ते बॉनला होते. १९३५ मध्ये त्यांना निवृत्त करण्यात आले. तरीही त्यांचे लेखन थांबले नाही. १९३८ पर्यंत पोलंडच्या नियतकालिकात ते छापून येत होते. १९३९ मध्ये अमेरिकेला जाण्याची खटपट केली, ती फसली. सहकाऱ्यांपैकी एरिख बेसेल-हागेन मात्र त्यांच्या घरी येत राहिले.

जानेवारी १९४२ मध्ये एंडेनिशच्या छावणीत राहायला जाण्याचा हुकूम आला. या गावाच्या नावात जर्मन कानाला ‘शेवट नाही’ असे शब्द ऐकू येतात. हाउसडॉर्फ यांनी शेवटच्या पत्रात त्या नावावरच कोटी केली. एंडेनिश हाही कदाचित शेवट नसेल, अशा अर्थाची. २६ जानेवारीला त्यांनी, पत्नी शार्लोटे आणि मेहुणी एडिथ यांनी विष घेतले.

हस्तलिखिते त्यांनी आधीच हान्स बोनेट या इजिप्तविद्येच्या अभ्यासकाकडे सोपवली होती. महायुद्धात बोनेट यांच्या घरावर बॉम्ब पडला, कागद विस्कटले, पण वाचले. सुमारे २६,००० पाने आज बॉन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.