दीड मिलिमीटरसाठी सहा हजार स्फटिक

अख्ख्या शरीराच्या पेट स्कॅनमध्ये स्तनातली बारीक गाठ निसटू शकते. दोष बराचसा यंत्राच्या आकाराचा. माणूस आत मावायला हवा, म्हणून डिटेक्टरच्या कड्याचा व्यास ८० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. शिरेतून दिलेली एफडीजी ही किरणोत्सारी साखर गाठीत साचते. तिथे सुटलेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भिडला की दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात, पण तंतोतंत विरुद्ध नव्हे. अर्ध्या अंशाच्या आसपासची ही तफावत मोठ्या कड्यात जवळजवळ १.८ मिलिमीटरची धूसरता आणते. डिटेक्टर एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर आणले, तर ती अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येते. फक्त स्तनासाठी पेट यंत्र बांधण्याची कल्पना मॉन्ट्रियलच्या क्रिस्टोफर थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडली, तिच्या मुळाशी हेच जवळ जाणं आहे.

जवळ गेलं की नवी पंचाईत होते. गॅमा किरण अडवायला डिटेक्टरमधला स्फटिक लांब हवा, आणि लांब स्फटिकात तिरका शिरलेला किरण नक्की किती खोलवर थांबला ते कळत नाही. ‘क्लिअर-पेम’ या युरोपीय यंत्राने यावर काढलेला तोडगा मला सर्वांत देखणा वाटतो. त्याच्या डिटेक्टरच्या दोन पट्ट्यांत मिळून ल्युटेशियमयुक्त ६,१४४ स्फटिक आहेत, प्रत्येक २ मिलिमीटर जाड आणि २० मिलिमीटर लांब. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना प्रकाश टिपणारे डायोड बसवलेले. कुठल्या टोकाला उजेड जास्त पोचला, त्यावरून खोली काढायची. हे ज्ञान आलं कणभौतिकीतून: सर्नमधल्या प्रयोगांसाठी स्फटिक शोधणारा ‘क्रिस्टल क्लिअर’ गट आणि लिस्बनचे भौतिकशास्त्रज्ञ यांनी ते रुग्णालयापर्यंत आणलं. यंत्राची सूक्ष्मता दीड मिलिमीटरच्या आसपास भरली. गंमत म्हणजे ल्युटेशियम स्वतःच किंचित किरणोत्सारी असतं. तो गोंगाटही हिशेबात धरावा लागतो.

रुग्ण पालथी झोपते, स्तन खाली मोकळा राहतो आणि पट्ट्या त्याच्याभोवती फिरतात. छातीच्या भिंतीलगतचा भाग मात्र पट्ट्यांच्या मध्ये नीट येत नाही. शेजारचं हृदयही साखर घेतं, त्यामुळे तिकडून आलेले किरण चित्रात मिसळतात. ही अडचण अजून पुरती सुटलेली नाही.

शिवाय यंत्र स्तनापुरतं असलं तरी साखर सगळ्या अंगभर जाते. ३७० मेगाबेकरेलच्या मात्रेत शरीराला सुमारे ७ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. मॅमोग्राफीत तो अर्ध्या मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो. लोब्युलर प्रकारच्या काही गाठी तर एफडीजी फारशी घेतच नाहीत. म्हणून हे यंत्र निरोगी बाईच्या नेहमीच्या तपासणीसाठी नाही. निदान झालेल्या रुग्णाची गाठ कुठवर पसरली आहे आणि केमोला दाद देते आहे का, हे पाहण्यापुरताच त्याचा वापर योग्य.