गावचे पाणी आणि रसायनशास्त्राच्या शाखा

रसायनशास्त्राच्या पाच प्रमुख शाखा मानल्या जातात. गावाच्या पिण्याच्या पाण्याशी त्या सर्वांचा निकटचा संबंध आहे. पाण्यातील फ्लोराइड, नायट्रेट आदी क्षारांचा अभ्यास असेंद्रिय रसायनशास्त्र करते. बहुतेक कीटकनाशकांच्या अंशांचा विचार सेंद्रिय रसायनशास्त्रात होतो. उघड्या राहिलेल्या विरंजक चूर्णातील क्लोरीन किती वेगाने घटतो, हे भौतिक रसायनशास्त्र सांगते. अतिरिक्त फ्लोराइडचा दात व हाडे यांवर होणारा परिणाम जीवरसायनशास्त्र उलगडते. वैश्लेषिक रसायनशास्त्र प्रत्येक घटकाचे प्रमाण मोजते. भारतीय मानकानुसार फ्लोराइड दर लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही, पाणी उकळूनही जात नाही. म्हणूनच नितळ पाण्याचीही प्रयोगशाळेत नियमित तपासणी ग्रामपंचायतींनी करून घेणे अगत्याचे आहे.